नगरसेवकपदाची उमेदवारी : पात्रता, अर्ज आणि मुदत

बंगळूर शहराच्या आग्नेय भागात, होसूरकडे आणि सर्जापूरकडे जाणाऱ्या दोन रस्त्यांच्या आधाराने एक मोठी वसाहत वसलेली आहे. या दोन रस्त्यांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला एचएसआर लेआउट असे नाव पडले. बंगळूर विकास प्राधिकरणाने १९८०च्या दशकात तिची आखणी केली आणि तिचे सात सेक्टर पाडले. अगर, परंगीपाळ्य, सोमसुंदरपाळ्य ही जुनी गावे तिच्या लगत आणि तिच्या पोटात राहून गेली. प्राधिकरणाकडून भूखंड मिळालेली जुनी कुटुंबे, मूळ गावकरी आणि नोकरीच्या निमित्ताने देशाच्या निरनिराळ्या भागांतून आलेले भाडेकरू असे तीन प्रकारचे लोक येथे शेजारी शेजारी राहतात. मराठी कुटुंबेही त्यांत आहेत. २०१० आणि २०१५ सालच्या महानगरपालिका निवडणुकांत एचएसआर लेआउट हा १७४ क्रमांकाचा प्रभाग होता.

अशा वसाहतीतील एखाद्या रहिवाशाला नगरसेवकपदासाठी उभे राहावयाचे असेल, तर त्याने काय केले पाहिजे? या प्रश्नाला लोक सहसा दोन उत्तरे देतात : पैसा पाहिजे आणि पक्षाचे तिकीट पाहिजे. निवडणूक जिंकण्यासाठी या गोष्टींचा उपयोग होतो, हे खरे. परंतु निवडणुकीस उभे राहण्यासाठी कायदा यांपैकी एकही गोष्ट मागत नाही. तो जे मागतो ते थोडे आहे, पण काटेकोर आहे. ते नीट समजावे म्हणून आपण एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, मूळची बेळगावची एक शिक्षिका आठ वर्षांपासून एचएसआर लेआउटमध्ये भाड्याच्या घरात राहते आणि एका खासगी शाळेत शिकवते. पावसाळ्यात गल्लीत तुंबणारे पाणी आणि कचऱ्याची अव्यवस्था यांचा पाठपुरावा करता करता आपणच उभे राहावे, असे तिला वाटू लागले आहे.

मतदारयादीतील नाव

उमेदवारीची पहिली अट मतदारयादीत नाव असणे, ही होय. कर्नाटक महानगरपालिका अधिनियम, १९७६ या कायद्यानुसार शहरातील कोणत्याही एका प्रभागाच्या यादीत ज्याचे नाव आहे, त्यालाच नगरसेवकपदाची निवडणूक लढविता येते. बंगळूरची २०१५ची निवडणूक याच कायद्याखाली झाली आणि कर्नाटकातील इतर महानगरपालिकांच्या निवडणुकाही याच कायद्याखाली होत आल्या आहेत. येथे ‘कोणत्याही एका प्रभागाच्या’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. उमेदवार ज्या प्रभागातून उभा राहतो, तेथीलच तो मतदार असला पाहिजे असे नाही. तो त्या शहराचा मतदार असला म्हणजे पुरे. महाराष्ट्रातही हाच नियम आहे.

महानगरपालिकेच्या निवडणुकीसाठी स्वतंत्र यादी घरोघर फिरून तयार केली जात नाही. विधानसभेची यादी प्रभागांच्या हद्दींप्रमाणे विभागून ती तयार होते. म्हणून विधानसभेच्या यादीत नाव नसेल, तर प्रभागाच्या यादीतही ते सापडणार नाही. एचएसआर लेआउट बोम्मनहळ्ळी विधानसभा मतदारसंघात मोडते. तेव्हा आपल्या शिक्षिकेने प्रथम त्या यादीत आपले नाव शोधले पाहिजे.

येथेच पुष्कळांची पहिली चूक होते. आपल्या शिक्षिकेचे नाव अजून बेळगावच्याच यादीत आहे. सुट्टीत माहेरी गेली की मतदान करून यावे, अशी तिची सवय. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५० प्रमाणे एका व्यक्तीचे नाव एकाच ठिकाणी असू शकते आणि तेही जेथे ती सामान्यतः राहते तेथे. जोवर तिचे नाव बेळगावला आहे, तोवर बंगळूरमध्ये तिची उमेदवारी संभवत नाही. राहण्याचे ठिकाण बदलल्यास आठ क्रमांकाचा नमुना भरून नाव नव्या जागी आणता येते. ज्याचे नाव कोठेच नाही त्याने सहा क्रमांकाचा नमुना भरावयाचा असतो. भाडेकरूंनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. घराची मालकी ही मतदार होण्याची अट नाही. उलट, केवळ एखाद्या ठिकाणी घर मालकीचे आहे एवढ्यावरून माणूस तेथील सामान्य रहिवासी ठरत नाही, असे कायदाच सांगतो. घरमालक आणि भाडेकरू यांत कायदा भेद करीत नाही.

हे काम निवडणूक जाहीर होण्यापूर्वी बरेच आधी उरकले पाहिजे. अर्जाची चौकशी व्हावी लागते, हरकतींना वेळ द्यावा लागतो आणि नामनिर्देशनाची अखेरची तारीख उलटल्यावर यादीत नवे नाव घालता येत नाही.

वय आणि अपात्रता

विधानसभेसाठी उमेदवाराचे वय किमान पंचवीस असावे लागते. नगरपालिका आणि महानगरपालिकांसाठी ते एकवीस पुरे होते. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने संविधानात आलेल्या २४३-फ या अनुच्छेदात ही तरतूद असून ती १ जून १९९३ पासून अमलात आहे. याच अनुच्छेदाने असेही ठरविले आहे की, राज्याच्या विधानमंडळासाठी जो अपात्र आहे तो स्थानिक संस्थेसाठीही अपात्र समजावा. राज्य आपल्या कायद्याने त्यात आणखी काही कारणे घालू शकते.

ही कारणे स्थूलमानाने चार गटांत बसतात. पहिल्या गटात व्यक्तीच्या दर्जाविषयीची कारणे येतात : ती भारताची नागरिक नसणे, न्यायालयाने तिला मनोविकल ठरविले असणे, किंवा दिवाळखोरीतून ती मुक्त झालेली नसणे. दुसरा गट गुन्ह्याबद्दल झालेल्या शिक्षेचा. तिसरा गट हितसंबंधांचा : शासनाचे लाभपद धारण करणारा, महानगरपालिकेचा नोकर किंवा तिच्या ठेक्यात प्रत्यक्ष अथवा अप्रत्यक्ष भागीदारी असणारा माणूस उभा राहू शकत नाही. चौथा गट थकबाकीचा : महानगरपालिकेची मागणीची नोटीस पोहोचून मुदत संपल्यावरही ज्याने कर भरलेला नाही, तोही बाद होतो. आपली शिक्षिका खासगी शाळेत असल्यामुळे लाभपदाचा प्रश्न येत नाही. परंतु तिचा पती महानगरपालिकेची कामे घेणारा ठेकेदार असता, तर अप्रत्यक्ष हितसंबंधांचा मुद्दा उपस्थित होऊ शकला असता.

राज्याराज्यांच्या कायद्यांत फरक असतो, हेही विसरता कामा नये. महाराष्ट्रात सप्टेंबर २००१ नंतर जन्मलेल्या अपत्यामुळे ज्यांच्या अपत्यांची संख्या दोनाहून अधिक झाली, अशी व्यक्ती महानगरपालिकेची निवडणूक लढविण्यास अपात्र ठरते. हरियाणाने पंचायतींच्या उमेदवारांना किमान शिक्षणाची अट घातली आणि सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१५ मध्ये ती वैध ठरविली. म्हणून पुण्याचा किंवा कोल्हापूरचा अनुभव बंगळूरला जसाच्या तसा लावू नये.

राखीव जागा

व्यक्ती पात्र असली, तरी तिला हवा असलेला प्रभाग तिच्यासाठी खुला असेलच असे नाही. अनुसूचित जाती आणि जमाती यांच्यासाठी लोकसंख्येच्या प्रमाणात, तसेच स्त्रियांसाठी किमान एकतृतीयांश जागा राखून ठेवणे संविधानाने बंधनकारक केले आहे. कर्नाटकाने स्त्रियांचा हा वाटा वाढवून निम्म्यापर्यंत नेला आहे. मागासवर्गीयांसाठी तेथे ‘अ’ आणि ‘ब’ असे दोन गट आहेत. हे आरक्षण आळीपाळीने प्रभागांवर फिरते. त्यामुळे एका निवडणुकीत खुला असलेला प्रभाग पुढच्या वेळी राखीव होऊ शकतो.

या बाबतीत दोन गैरसमज आढळतात. राखीव जागा स्त्रियांसाठी असल्या, तरी स्त्रीला सर्वसाधारण जागेवरूनही उभे राहता येते; अनुसूचित जातीच्या उमेदवारालाही तसेच. दुसरा गैरसमज दाखल्यांविषयी आहे. अनुसूचित जाती व जमातींची यादी राज्यागणिक वेगळी असते. महाराष्ट्रातून कर्नाटकात राहावयास गेलेल्या माणसाला आपल्या मूळ राज्याच्या दाखल्यावर तेथील राखीव जागा लढविता येत नाही. सर्वसाधारण जागा मात्र त्याला खुली असते. बेळगाव कर्नाटकातच असल्यामुळे आपल्या शिक्षिकेपुढे ही अडचण नाही.

नामनिर्देशनपत्र

निवडणुकीचा कार्यक्रम राज्य निवडणूक आयोग जाहीर करतो. लोकसभा आणि विधानसभा यांच्या निवडणुका घेणारा भारताचा निवडणूक आयोग निराळा आणि हा निराळा. कार्यक्रम जाहीर झाल्यावर दिवस किती झपाट्याने जातात, हे बेळगावच्या उदाहरणावरून दिसेल. बेळगाव महानगरपालिकेच्या ५८ जागांसाठी २०२१ मध्ये निवडणूक झाली. १६ ऑगस्टला अर्ज घेण्यास आरंभ झाला, २३ ऑगस्ट ही अखेरची तारीख होती, २४ला छाननी झाली, २६ पर्यंत माघार घेता येत होती, ३ सप्टेंबरला मतदान झाले आणि ६ सप्टेंबरला मोजणी. अर्ज भरण्यासाठी जेमतेम एक आठवडा आणि प्रचारासाठी त्याहूनही थोडेच अधिक, एवढाच अवधी उमेदवाराच्या हाती होता. मतदारयादीचा उतारा, जातीचा दाखला, थकबाकी नसल्याचा पुरावा हे सर्व त्या आठवड्यात जमवू म्हटले, तर ते जमत नाही.

नामनिर्देशनपत्र उमेदवाराने स्वतः किंवा त्याच्या सूचकाने निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या हाती द्यावयाचे असते. टपालाने पाठविलेला अर्ज चालत नाही. सूचक मात्र ज्या प्रभागाची निवडणूक आहे त्याच प्रभागाचा मतदार असावा लागतो. उमेदवाराला जी सवलत आहे ती सूचकाला नाही. अर्जात उमेदवाराचा आणि सूचकाचा मतदारयादीतील अनुक्रमांक आणि भाग क्रमांक बिनचूक लिहिला पाहिजे. अर्जासोबत अनामत रक्कम भरावयाची असते. राखीव वर्गांतील उमेदवारांना ती कमी असते. ठरावीक प्रमाणापेक्षा कमी मते मिळाल्यास ती जप्त होते. पक्षाच्या उमेदवाराने पक्षाचे अधिकृत पत्र, म्हणजे ज्याला बोलण्यात ‘बी फॉर्म’ म्हणतात ते, मुदतीच्या आत सादर केले नाही, तर त्याला पक्षाचे चिन्ह मिळत नाही. अपक्षाला आयोगाच्या मुक्त चिन्हांतून निवड करावी लागते.

अर्ज घेण्याची वेळ सर्वसाधारणपणे सकाळी अकरा ते दुपारी तीन अशी असते. अखेरच्या दिवशी तीन वाजता जे कार्यालयाच्या आत असतील, त्यांचेच अर्ज घेतले जातात. मिरवणुकीने येणारे पुष्कळ उमेदवार या वेळेशी झगडताना दिसतात. शहाणा उमेदवार दोन दिवस आधीच अर्ज देऊन येतो, कारण चूक निघालीच तर दुसरा अर्ज भरण्यास त्याला सवड मिळते.

शपथपत्र

पूर्वी अर्जात नाव, वय आणि पत्ता एवढेच असले की काम भागत असे. सर्वोच्च न्यायालयाने २००२ आणि २००३ मध्ये दिलेल्या निर्णयांनंतर उमेदवाराला आपल्यावरील फौजदारी प्रकरणे, स्वतःची व कुटुंबीयांची मालमत्ता, देणी आणि शिक्षण यांची माहिती शपथेवर द्यावी लागते. कर्नाटकाच्या राज्य निवडणूक आयोगाने १४ जुलै २००३च्या अधिसूचनेने स्थानिक संस्थांच्या उमेदवारांनाही हे बंधन लागू केले. शपथपत्रातील एकही रकाना कोरा ठेवू नये. जेथे सांगण्यासारखे काही नसेल तेथे ‘निरंक’ असे लिहावे. सप्टेंबर २०१३च्या एका निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे की, सूचना देऊनही उमेदवाराने रकाने कोरे ठेवले, तर त्याचा अर्ज फेटाळता येतो.

हे बंधन केवळ कागदावरचे नाही. मैसूर महानगरपालिकेवर २०१८ मध्ये निवडून आलेल्या एका नगरसेविकेने पतीची मालमत्ता शपथपत्रात दाखविली नव्हती. प्रतिस्पर्धी उमेदवाराने न्यायालयात दाद मागितली. जिल्हा न्यायालयाने तिची निवड रद्द केली, उच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला आणि १४ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही तिचे अपील फेटाळले. मालमत्तेविषयी खोटे निवेदन हा भ्रष्ट आचार होय, असे न्यायालयाने म्हटले. मधल्या काळात ती नगरसेविका शहराची महापौरही झाली होती, तरी तिची निवड टिकली नाही.

छाननी आणि दाद

छाननीच्या दिवशी निवडणूक निर्णय अधिकारी प्रत्येक अर्ज तपासतो. उमेदवार, त्याचा प्रतिनिधी आणि सूचक यांना हजर राहता येते आणि दुसऱ्याच्या अर्जावर हरकत घेता येते. क्षुल्लक चुकीसाठी, उदाहरणार्थ नावाच्या अक्षरांतील किरकोळ फरकासाठी, अर्ज फेटाळू नये असे निवडणुकीच्या कायद्याचे तत्त्व आहे. यादीत नाव नसणे, सही नसणे, अनामत न भरणे या चुका मात्र क्षुल्लक मानल्या जात नाहीत.

अर्ज अन्यायाने फेटाळला गेला तर काय करावयाचे? पुष्कळांना वाटते की, लगेच उच्च न्यायालयात जावे. या प्रश्नाचे उत्तर फार जुने आहे. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी मद्रास राज्यातील नमक्कल मतदारसंघात एन. पी. पोन्नुस्वामी यांचा अर्ज फेटाळला गेला. ते न्यायालयात गेले. जानेवारी १९५२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, निवडणूक चालू असता न्यायालयाने मध्ये पडू नये. निकालानंतर निवडणूक याचिका करावी. निवडणुकीस उभे राहण्याचा हक्क कायद्याने निर्माण केलेला असून कायद्याने घातलेल्या मर्यादांतच तो वापरला पाहिजे, असेही न्यायालयाने म्हटले. १९९३ नंतर हीच अडसर स्थानिक निवडणुकांनाही संविधानाने घातली आहे. म्हणूनच छाननीपूर्वी अर्ज निर्दोष असणे हेच उमेदवाराचे खरे संरक्षण होय.

मुदत शासनालाही आहे

येथवर आपण उमेदवारावरील बंधने पाहिली. तीन वाजून पाच मिनिटांनी आलेला अर्ज घेतला जात नाही आणि तो घेऊही नये. नियम सर्वांना सारखा असला पाहिजे. परंतु संविधानाने शासनालाही एक मुदत घालून दिली आहे. अनुच्छेद २४३-यू प्रमाणे नगरपालिकेची मुदत पाच वर्षांची असते, त्याहून अधिक नव्हे, आणि ती संपण्यापूर्वी नवी निवडणूक पूर्ण झाली पाहिजे. उभे राहण्याचा हक्क कायद्याने दिला, पण निवडणूक वेळेवर घेण्याचे कर्तव्य संविधानाने सांगितले आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २००६ मध्ये अहमदाबाद महानगरपालिकेच्या प्रकरणात हे कर्तव्य स्पष्ट शब्दांत मांडले आहे.

एचएसआर लेआउटचा अनुभव या कसोटीवर तपासून पाहण्यासारखा आहे. बंगळूरच्या महानगरपालिकेची मुदत नोव्हेंबर २००६ मध्ये संपली. २००७ मध्ये बोम्मनहळ्ळीसह सात नगरसभा, केंगेरीची पुरसभा आणि शंभरावर खेडी जोडून बृहत् बंगळूर महानगरपालिका अस्तित्वात आली. परंतु तिची पहिली निवडणूक २८ मार्च २०१० रोजी झाली. तोवर तीन वर्षांहून अधिक काळ शहरात निवडून आलेले सभागृह नव्हते. २०१५च्या २२ ऑगस्टला दुसरी निवडणूक झाली आणि १० सप्टेंबर २०२० रोजी त्या सभागृहाची मुदत संपली. त्यानंतर राज्य शासनाने नेमलेल्या प्रशासकाकडे कारभार गेला. डिसेंबर २०२० मध्ये उच्च न्यायालयाने १९८ प्रभागांची निवडणूक लवकर घेण्याचा आदेश दिला, पण त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यास स्थगिती दिली. नव्या कायद्याने प्रभागांची संख्या २४३ केली, पुढे ती २२५ झाली. ऑगस्ट २०२२ मध्ये जाहीर झालेले आरक्षण उच्च न्यायालयाने सप्टेंबरअखेर रद्द ठरविले. अखेर २ सप्टेंबर २०२५ रोजी बृहत् बंगळूर महानगरपालिकेच्या जागी पाच महानगरपालिका आल्या. एचएसआर लेआउट दक्षिण महानगरपालिकेत गेले. नोव्हेंबर २०२५ मध्ये पाचही महानगरपालिकांचे मिळून ३६९ प्रभाग निश्चित झाले. त्यांपैकी ७२ दक्षिणेचे आहेत.

या तारखांचा अर्थ असा की, सप्टेंबर २०२० पासून सप्टेंबर २०२५ पर्यंत, म्हणजे एका सभागृहाच्या पूर्ण मुदतीएवढा काळ, निवडणुकीविना गेला. आपल्या शिक्षिकेने नाव वेळेवर यादीत आणले असते, सर्व कागद जमविले असते, तरी या पाच वर्षांत तिला अर्ज देण्यास जागाच नव्हती. कोणीही तिला अपात्र ठरविले नव्हते. केवळ निवडणूकच झाली नाही. गल्लीतील पाण्याची तक्रार तिने अधिकाऱ्याकडे करावयाची आणि त्या अधिकाऱ्याला पुन्हा मत मागण्यासाठी तिच्या दारी यावयाचे नाही, अशी ती स्थिती होती.

ही गोष्ट बंगळूरपुरती नाही. मुंबई महानगरपालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि महाराष्ट्रातील २९ महानगरपालिकांची निवडणूक १५ जानेवारी २०२६ रोजी झाली. बेळगावात तर आणखी निराळे घडले. सप्टेंबर २०२१ मध्ये नगरसेवक निवडून आले, पण महापौराची निवड ६ फेब्रुवारी २०२३ रोजी झाली. निवडून आलेल्यांनाही सुमारे सतरा महिने थांबावे लागले. प्रभागांची फेररचना, आरक्षणाची माहिती, न्यायालयातील वाद ही कारणे खरी असतात. तथापि फेररचना पूर्ण झाली नाही म्हणून निवडणूक लांबविता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये मध्य प्रदेशाच्या प्रकरणात बजावले आहे.

तेव्हा ज्याला उभे राहावयाचे आहे त्याने आपल्या तयारीत आणखी एका कामाची भर घातली पाहिजे. मतदारयादी पाहावी, कर भरल्याच्या पावत्या आणि दाखले जपून ठेवावेत, सूचक निश्चित करावा. आणि त्याचबरोबर आपल्या नगरपालिकेची मुदत कोणत्या दिवशी संपते, प्रभागरचनेचा मसुदा केव्हा प्रसिद्ध होतो व त्यावर हरकत घेण्याची अखेरची तारीख कोणती, याकडेही लक्ष ठेवावे. मसुद्यावरील हरकतीसाठी पक्ष लागत नाही आणि अनामतही लागत नाही. साध्या कागदावरील अर्ज पुरतो. उमेदवारीचा अर्ज फार थोडे लोक भरतात. निवडणूक वेळेवर व्हावी अशी मागणी करणे मात्र यादीत नाव असलेल्या प्रत्येकाला शक्य आहे आणि ते ज्यांनी केले नाही, त्यांना आपला नगरसेवक कोण, या प्रश्नाचे उत्तर अनेक वर्षे मिळाले नाही तर नवल वाटू नये.